आकड्यांच्या गल्लीतला दिवस

पावणेसहा

आज मांडव झाडायची पाळी माझी. मंडळातली पोरं रात्री दोनला झोपतात, म्हणून सकाळची कामं पन्नाशी ओलांडलेल्यांकडं. असा काही ठराव झालेला नाही, पण वर्षानुवर्षं हेच चाललंय. काल घराघरातले गौरी-गणपती गेले. घरचे देव गेले की कोल्हापूर रस्त्यावर उतरतं आणि राजारामपुरीचे देखावे बघायची खरी गर्दी सुरू होते. काल पहिलीच रात्र होती, तरी भेळेचे कागद, आइस्क्रीमच्या काड्या आणि लहान पोराचा एक बूट मिळाला. बूट नेहमी एकाच पायाचा मिळतो. मी तो मांडवाच्या खांबाला दोरीनं बांधून ठेवतो. संध्याकाळी कुणाची तरी आई शोधत येतेच.

महापालिकेच्या झाडूवाल्या मावशी मेन रोड झाडत वर आल्या.

"मामा, कचरा रस्त्यावर ढकलू नगासा हां."

"न्हाई मावशी, पोत्यात भरलाय."

त्यांनी पोत्यात डोकावून खात्री करून घेतली. बरोबरच आहे. उत्सव आमचा असतो आणि कंबर त्यांची मोडते.

या वेळी रस्ता दिसतो. एरवी तो गाड्यांखाली असतो. जनता बाजारकडून माउलीच्या पुतळ्याकडं जाणारा सरळ मुख्य रस्ता आणि त्याला काटकोनात येऊन मिळणाऱ्या गल्ल्या. पहिली, दुसरी, सातवी, बारावी अशी नुसती नंबरांची नावं. जुन्या कोल्हापुरात शुक्रवार, मंगळवार अशा वारांच्या पेठा आहेत, प्रत्येक पेठेला तालीम आहे, आणि माणसाची ओळख तालमीवरनं होते. फुटबॉलच्या मैदानात तर होतेच होते. आमच्या ई वॉर्डात तसलं काही नव्हतं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, पुढं राजाराम महाराजांच्या नावानं ही राजारामपुरी झाली. महाराज गादीवर होते १९२२ ते १९४०. तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत आखून, दोरी लावून पाडलेल्या गल्ल्या. पेठेतले पाहुणे आले की अजून चिडवतात, "तुमच्याकडं देवळापेक्षा नंबर जास्त."

आमच्या गल्लीचा नंबर इथं सांगत नाही. शेजारच्या गल्लीला राग येतो.

साडेआठ

आरती झाली. नैवेद्याला आज खोबरं-साखर, कारण ज्यांच्याकडं मोदकांची पाळी होती त्या काकूंकडं काल गौरीचं विसर्जन होतं आणि त्या अजून उठलेल्या नाहीत. कुणी बोललं नाही. बोलायची कुणाची हिंमत नाही म्हणा.

भाचा पुण्याहून आलाय, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला घेऊन मिसळ खायला उद्यमनगरात गेलो. कट दोनदा मागवल्यावर त्याचं डोकं चालू झालं.

"मामा, राजारामपुरी म्हणजे ग्रिड आहे. चंडीगडच्या सेक्टरांसारखी."

"चंडीगडात गणपतीची मिरवणूक निघते का आमच्यासारखी?"

"ते माहीत नाही. पण तिथं रॉक गार्डन आहे."

मग त्यानं नेकचंदची गोष्ट सांगितली. मला ती थोडी माहीत होती, पण तरणं पोर रंगून सांगत असलं की मध्ये बोलू नये. एवढं ल कार्बुझिएनं आखलेलं शहर, प्रत्येक सेक्टरला नंबर. त्यात सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक रोड इन्स्पेक्टर फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि जुन्या घरांची मोडतोड गोळा करून जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप मूर्ती उभ्या करत राहिला, वर्षानुवर्षं. सत्तरच्या दशकात सरकारला पत्ता लागला. पाडायचं सोडून त्यांनी ते १९७६ साली लोकांना खुलं केलं. आज माणसं चंडीगडला जातात ती आधी ते बघायला.

भाच्याचं म्हणणं, आखलेल्या शहरात कला आराखड्याबाहेरनं येते. मला ते अर्धंच पटलं. आमच्या गल्लीत जे काही होतं ते आराखड्यामुळंच होतं. रस्ता रुंद आणि सरळ नसता तर वीस फुटी मांडव घालून शेजारनं रिक्षा गेली नसती. पेठेच्या बोळात देखाव्याला जागा शोधावी लागते, आमच्याकडं ती महाराजांच्या काळापासनं तयार आहे. दोरी लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात देखावे नसणार. पण दोरी सैल लावली, हे त्याचे उपकार.

मिसळीचे पैसे भाच्यानं दिले. पोरगं सुधारतंय.

दहा

दुकान उघडलं. माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, वडलांपासनं. भिंतीला पट्ट्यांचे नमुने, कोपऱ्यात काचेचे ताव, आणि समोर कापायचं मशीन. गणपतीत धंदा मंद असतो. लग्नाचे फोटो दिवाळीनंतर येतात, सत्काराची मानपत्रं मार्चमध्ये. या दिवसांत येतात ती मोडलेली कामं.

पहिलं गिऱ्हाईक मंगळवार पेठेतनं आलं. पंचेचाळिशीचा माणूस, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी तसबीर. आजोबांचं चित्र. फेटा, जाड मिशा, कोटाला बिल्ला. माणसं याला फोटोच समजतात. मी काच खिडकीकडं तिरकी धरली आणि त्याला दाखवलं, "ह्यो फोटो न्हाई दादा. ही पावडर शेडिंग हाय."

कोल्हापूरच्या जुन्या घरांत अशा तसबिरी अजून निघतात. काळी पूड कापसानं, मऊ ब्रशानं, कधी नुसत्या बोटानं कागदावर चोळत चेहरा उभा करायचा. नाकावरचा उजेड, डोळ्यातला ठिपका हे रंग लावून येत नाही. तिथली पूड खोडरबरानं उचलायची आणि खालचा कागद उघडा करायचा. बोट जास्त दाबलं गेलं की काळं बसतं आणि मग निघत नाही.

अशा चित्राचं दुखणं एकच असतं. कुणीतरी कधीतरी काच थेट कागदावर टेकवून फ्रेम केलेली असते. कोल्हापूरचा पावसाळा चार महिने भिंती ओल्या ठेवतो. काच घामेजते, पूड काचेला चिकटते, आणि फ्रेम उघडली की आजोबांच्या मिशा काचेवर निघून येतात. मी मागचा पुठ्ठा आधी काढला. जुन्या खोक्याच्या फळीचा होता, खिळे गंजलेले. पक्कडीनं एकेक खिळा सरळ ओढला, वाकडा ओढला की फळी उडते आणि कागद फाटतो. कडेला कसर लागली होती, फेट्याच्या वर बोटभर कागद खाल्लेला. चेहरा वाचला होता. काच उचलताना मी श्वास धरतो. शिंक आली तर काम गेलं. काचेवर फेट्याचा थोडा करडा डाग आला, बाकी सगळं कागदावरच राहिलं.

"फडक्यानं पुसून द्या की जरा," तो म्हणाला.

"फडकं लावलं तर आजोबा जातील."

जाड माउंट तिरका कापून मध्ये घालायचा, म्हणजे काच आणि कागद यांच्यात हवा राहते. सोनेरी पट्टी त्याला हवी होती. मी साधी काळी सुचवली. चर्चा झाली आणि सोनेरी ठरली. पैसे त्याचे, आजोबाही त्याचे.

खाली सही होती, पण कसरीनं निम्मी खाल्लेली. या शहरात एक काळ असा होता की असं चित्र काढणारा माणूस गल्लीगल्लीत होता. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याभोवती पडदे रंगवणारे, पोस्टरं काढणारे, मूर्ती घडवणारे तयार झाले. सिनेमा पुढं पुण्या-मुंबईला गेला, पण हात इथंच राहिले. शहराला कलापूर म्हणायची पद्धत तेव्हाची, आणि आजही भाषणात ती निघतेच.

साडेअकरा

चौथ्या मजल्यावरची मुलगी आली. नववीत आहे, इंटरमिजिएटची परीक्षा द्यायचीय. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट कोल्हापूरच्या घरांत फार मनावर घेतात. 'ए' ग्रेड आली की सर्टिफिकेट फ्रेम करायला माझ्याकडंच येतं. तिला स्पर्धेला पाठवायच्या चित्राला माउंट हवा होता. चित्र रंकाळ्याचं. पाणी, संध्यामठ, मागं मावळत्या उन्हाची पट्टी. हात चांगला आहे, पण सावल्या सगळ्या सरळ काळ्या रंगाच्या.

टेबलावर आजोबांची तसबीर तशीच पडली होती. ती वाकून बघत राहिली.

"मामा, ह्यात काळा रंग कुठं संपतोय तेच कळत न्हाई."

मी तिला म्हटलं, दुपारी सातव्या गल्लीत जा, चंद्रकांत मांडरेंचं घर आहे. ती म्हणाली, तिथं काय आहे? चौथ्या मजल्यावर जन्मली, आणि सातवी गल्ली काही दुसऱ्या तालुक्यात नाही. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी आजच सांगितलं.

एक

जेवायला बसलो आणि फोन. "मामा, बाजीप्रभूंचा डावा हात अडकलाय."

यंदा आमचा देखावा पावनखिंडीचा. सहा मूर्ती, त्यातल्या तीन हलत्या. बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांतले पट्टे फिरतात, मागं तोफांचा उजेड होतो, आणि विशाळगडाहून इशारतीचे बार झाले की ते कोसळतात. राजारामपुरीचं नाव तांत्रिक देखाव्यांसाठी आहे. इथं नुसती मूर्ती मांडून भागत नाही. लोक विचारतात, "काय हालतंय का न्हाई?"

आत जाऊन बघितलं. बाहेरनं जे मांसल, रंगवलेलं दिसतं त्याच्या आत लोखंडी सांगाडा, चारचाकीची वायपर मोटर, एक सळई आणि दोन बोल्ट. वायपर मोटर कोल्हापूरच्या देखाव्यांत सर्रास लावतात. हळू फिरते, जोर चांगला आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळते. हात वर-खाली करणारी सळई जिथं फिरते तिथला बुश घासून अंडाकृती झाला होता. हात वर गेला की डुलायचा आणि मग अडकायचा. पोरांनी ग्रीस भरून बघितलं होतं. ग्रीस सगळं बाजीप्रभूंच्या बाहीवर आलं होतं.

"नवा टाकाय लागतोय," मी म्हणालो.

उद्यमनगर लागून आहे म्हणून राजारामपुरी ही राजारामपुरी आहे. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. सायकलनं पाच मिनिटांत लेथ, फाउंड्री, वेल्डिंग. गेलो. ओळखीचा टर्नर गनमेटलचा तुकडा घेऊन बसला. जुना बुश त्यानं व्हर्नियरनं मोजला, नाक मुरडलं आणि माझ्या सळईकडं बघून म्हणाला, "ही बी घासल्या. नुसता बुश बदलून दोन दिस जाईल."

सळईसुद्धा त्यानं थोडी टर्न करून गोल केली आणि बुश त्या मापाचा, कागदाइतकी ढील ठेवून. चकत्या निघत होत्या, पिवळ्या, कुरळ्या. पैसे विचारले तर म्हणाला, "बाजीप्रभूचं पैसं घेऊ व्हय?" आणि लगेच पुढं, "फकस्त आमच्या कारखान्याचं नाव लावा बोर्डावर, मोठ्यानं."

नाव लावायचं कबूल केलं. मंडळांच्या बोर्डावर आमदारांचे फोटो असतात तसं एकदा टर्नरचं नाव मोठं यायला हरकत नाही.

तीन

परतताना काच आणायला लक्ष्मीपुरीकडं वळलो, वाटेत बिंदू चौक. एका बाजूला महात्मा फुले, एका बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्वतः चित्रकार असलेल्या भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन हे पुतळे १९५० साली उभे केले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे नव्या माणसाला सांगितलं की त्याला खरं वाटत नाही. इथं मोर्चा संपतो, सभा होते, जयंतीला रात्री बाराला माणूस मावत नाही, आणि एरवी दुपारी तीनला लोक सावलीला उभे असतात.

या शहराला पुतळा कसा बसवायचा आणि कसा काढायचा, दोन्ही माहीत आहे. शिवाजी चौकात मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत तो विद्रूप केला गेला, आणि १९४५ साली त्या जागी बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आला. तोच आजही आहे. कावळा नाक्यावरच्या ताराराणी रवींद्र मेस्त्रींच्या. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, एवढा भार तोलून. खरी कॉर्नरला तर पुतळाच नाही, चक्क कॅमेरा उभा केलाय, बाबूरावांच्या आठवणीचा. बाहेरचे पाहुणे विचारतात, ही जाहिरात कसली? मला तो शहरातला सगळ्यात कोल्हापुरी पुतळा वाटतो. माणसाच्या जागी त्याचं हत्यार.

या सगळ्यांची निगा कोण ठेवतं ते बघा. जयंती-पुण्यतिथीला हार घालणारे वेगळे आणि रोज पाणी मारणारे वेगळे. जिथं दुसऱ्या प्रकारची माणसं नाहीत तिथला पुतळा वाहतुकीचा खांब होतो. नव्या वसाहतींत बिल्डर लोक दारात कारंजं आणि फायबरचे हरीण-बगळे बसवतात. दोन पावसाळ्यांत बगळ्याची चोच जाते. कुणी विचारत नाही, कारण तो बगळा कुणाचाच नसतो.

काच घेतली, दोन ताव. सायकलला बांधून हळूहळू चालत आलो.

साडेपाच

मुलगी परत आली ती धापा टाकत.

"मामा, त्यांनी एकाच माणसाचे केस पूड लावून काढलेत आणि एकेक केस मोकळा दिसतोय."

चंद्रकांत मांडरे म्हणजे माझ्या पिढीला 'सांगत्ये ऐका'तले, आईच्या पिढीला प्रभातच्या 'शेजारी'तले. देखणा, घोड्यावर शोभणारा नट. पण आधी हा माणूस चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या तालमीतला. सिनेमानं नाव दिलं, तरी शेवटपर्यंत हातातलं सुटलं नाही. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं आणि पावडर शेडिंग. सातव्या गल्लीतल्या राहत्या घराचं नाव त्यांनी 'निसर्ग' ठेवलं, आणि ते घर, आतली चित्रं, सगळं सरकारला देऊन टाकलं. आज तिथं संग्रहालय आहे, चारशेच्या आसपास कलाकृती आहेत. २००१ साली ते गेले.

राजारामपुरीच्या घरांचं हेच आहे. आखणीत बंगला असा शब्द होता, पुढं आवार, मागं परस. त्या बंगल्यांत माणसं राहायला आली आणि गल्लीला चेहरा आला. वि. स. खांडेकर शिरोड्याहून कोल्हापुरात आले १९३८ साली. पुढं त्यांचं 'नंदादीप' हे घर याच राजारामपुरीत. 'ययाती'ला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला तेव्हा मराठीत तो पहिलाच. आता बंगले पडतात आणि अपार्टमेंटं येतात. मी त्याविरुद्ध नाही, माझाही फ्लॅटच आहे. पण अपार्टमेंटच्या भिंतीवर कुणी चित्र लावत नाही, कारण भिंतीला खिळा मारायला सोसायटी विचारते. हे मी धंद्याच्या अनुभवानं सांगतो.

मुलीनं तिच्या रंकाळ्यातली काळी सावली खोडून आणली होती. माउंट उद्या न्यायला येते म्हणाली.

सात ते दहा

बाजीप्रभूंचा हात वर गेला आणि अडकला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. टर्नरचं नाव बोर्डावर आलंय, अध्यक्षांच्या नावाच्या वर. त्यावरनं पंधरा मिनिटं कुरबूर झाली.

खेळ आठ मिनिटांचा. पडदा बाजूला, आवाज सुरू, पाऊस पडतो, खिंड, लढाई, तोफा, कोसळणं, पडदा. मधल्या वेळात रांग पुढं सरकवायची. मी दोरीपाशी उभा असतो, म्हणून मला देखावा दिसत नाही, बघणाऱ्यांचे चेहरे दिसतात. करवीर, कागल, पन्हाळा, गडहिंग्लजहून माणसं आली आहेत. टेम्पोतनं आलेल्या बायका आधी पाया पडतात आणि मग देखावा बघतात, पुरुष उलटं करतात. लहान पोरं तोफेच्या आवाजाला रडतात आणि संपल्यावर "परत" म्हणतात.

पन्हाळ्याकडचा एक म्हातारा दोनदा रांगेत आला. दुसऱ्या खेपेला माझ्यापाशी थांबला.

"समदं ब्येस हाय. पर खिंड लई रुंद केल्यासा. घोडखिंडीतनं दोन माणसं शेजारी जाताना अंग घासतंय. म्हणून तर बाजी तिथं हुबा ऱ्हायला."

मी म्हणालो, "आजोबा, खिंड अरुंद केली तर रांगेतल्यांना बाजी दिसत न्हाईत."

"तेबी खरं हाय," म्हणाला आणि तिसऱ्या रांगेकडं गेला.

शेजारच्या गल्लीचा देखावा आमच्यापेक्षा मोठा आहे. मी लपून बघून आलो. त्यांची धबधब्याची कल्पना चांगली आहे, पण पाणी मांडवाबाहेर येतं.

सव्वादहा

दहाला स्पीकर बंद. कायदा आहे. ठराविक दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, आज तो दिवस नाही. आवाज थांबल्यावर मांडवात खुर्च्या ओढून मंडळाची बैठक झाली. विषय नेहमीचा, पुढच्या वर्षीच्या आगमन मिरवणुकीचा. राजारामपुरीची आगमन मिरवणूक शहरात गाजते, पण गाजते आता स्पीकरच्या भिंतींमुळं. त्या रात्री मी दुकानातल्या सगळ्या फ्रेमा भिंतीवरनं उतरवून पाठीवर झोपवून ठेवतो, कारण काचा खिळ्यावर नाचतात. पोरांना मी सांगितलं, एका रात्रीच्या साउंडच्या भाड्यात दोन हलत्या मूर्ती होतात. एकानं उत्तर दिलं, "मामा, हलत्या मूर्तीसमोर नाचता येत न्हाई." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण मत बदललेलं नाही. ढोल-ताशा, हलगी, झांजपथक यांच्यासमोर त्याचा बाप नाचलाच होता, मी बघितलाय.

दुसरा विषय मी काढला. मांडवाच्या बाहेरच्या बाजूला एक फलक लावायचा, बाण काढून: 'चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय, सातवी गल्ली'. एवढी माणसं रांगेत अर्धा तास उभी असतात. बाजीप्रभूंचा चेहरा फायबरमध्ये घडवणाऱ्या आमच्या पोरानं चेहरा कुठं शिकला? घरच्या तसबिरी बघून, वडलांच्या हाताखाली. त्याच्या वडलांनी मांडरेंचं काम बघून. हे त्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे.

"आपल्या मांडवावर सातव्या गल्लीची जाहिरात?" एकजण उखडला.

"सातव्या गल्लीची न्हाई, राजारामपुरीची."

फेटा बांधणाऱ्या पोरानं विचारलं, फलक करणार कोण? मी करणार म्हटल्यावर विरोध मावळला. फुकटात काम होत असलं की ठराव एकमतानं होतो.

पावणेबारा

दुकानाचं शटर अर्धं वर करून फलक केला. तीन फूट बाय दोन, प्लायवर पांढरा रंग, अक्षरं निळी. बाण लाल. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून काळी पट्टी लावली, सवय. मंगळवार पेठेच्या आजोबांनाही सोनेरी पट्टी लावून झाली. वाईट दिसत नाहीत.

देखावे बघायला राजारामपुरीत येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: रात्री आठच्या गर्दीत येण्याऐवजी दुपारी चारला या. आधी सातव्या गल्लीत मांडरेंचं घर बघा, निवांत तासभर द्या, पोरांना सोबत आणा. मग मिसळ नाहीतर भेळ खा आणि सातला रांगेत उभे राहा. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्या. पत्ता विचारावा लागत नाही, गल्ल्यांना नंबर आहेत.